रांग विकता येते, वायदा विकता येत नाही

ईदच्या अगोदरचे पंधरा दिवस आठवा. शिंप्याच्या दुकानात कापडाचे ढीग पडलेले असतात आणि जो येतो तो म्हणतो, "मास्टर, पैसे जास्त घ्या, पण माझे आधी करा." हे जादा पैसे घ्यावेत काय? घ्यावेत तर किती? आणि ज्यांनी जादा दिले नाहीत, त्यांचे काय? हा प्रश्न शिंपी, रंगारी, जरीवाला, छापखानेवाला अशा सर्वांचाच आहे. अमेरिकेतील डिस्नेच्या मनोरंजन उद्यानांनी या प्रश्नावर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांचा धंदा मोठा आणि आपला लहान असला तरी हिशोब एकच आहे.

आधी पैसा, मग वेळ, मग पुन्हा पैसा

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले. तेव्हा प्रत्येक खेळाला ए, बी, सी अशा अक्षरांचे वेगळे तिकीट लागे. १९५९ मध्ये सर्वांत चांगल्या खेळांसाठी 'ई' तिकीट आले. म्हणजे ज्याला मागणी जास्त, त्याचा दर जास्त. १९८२ पर्यंत ही पद्धत बंद होऊन एकाच प्रवेश तिकिटावर सर्व खेळ खुले झाले. मग चांगल्या खेळासमोर लांब रांग लागणे ओघानेच आले. पैशाने जी किंमत द्यावी लागत होती, ती गिऱ्हाईक वेळेने देऊ लागले.

१९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास काढला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि तिच्यावर लिहिलेल्या तासात परत यायचे. यासाठी एक पैसाही जादा नव्हता. पुढे हा पास गेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडातील उद्यानांत जीनी प्लस आला, माणशी दिवसाला १५ डॉलर, म्हणजे अकराशे रुपयांच्या आसपास. सर्वांत गाजलेल्या खेळांसाठी त्याहून वेगळे पैसे पडत. ऑक्टोबर २०२२ पासून दर दिवसागणिक बदलू लागला. गर्दी कमी तर दर कमी, नाताळची सुट्टी आली की दर चढा. जुलै २०२४ मध्ये या योजनेचे नाव बदलून लाइटनिंग लेन झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रीमियर पास आला. त्यात ठरलेल्या तासाचे बंधन नाही, केव्हाही जा. फ्लोरिडात त्याचा दर उद्यान व दिवसानुसार १२९ ते ४४९ डॉलर ठेवला गेला. वरचा आकडा त्या वेळच्या भावाने सुमारे ३८ हजार रुपये होतो, आणि प्रवेशाचे तिकीट वेगळेच!

खुर्च्या वाढत नाहीत

आता मर्माची गोष्ट पाहू. जादा पैसे घेतल्याने पाळण्यातील खुर्च्या वाढत नाहीत. समजा, एका खेळात तासाला १,००० माणसे बसतात आणि साध्या रांगेत १,००० उभी आहेत. शेवटच्या माणसाचा नंबर तासाभरात लागेल. पण तासाच्या ५०० जागा जादा पैसे देणाऱ्यांस दिल्या, तर त्याच माणसाला दोन तास उभे राहावे लागेल. एकाची वाचलेली वेळ दुसऱ्याच्या खिशातून गेलेली असते. शिवाय जलद रांगेची तिकिटे बेसुमार विकली तर जलद रांगही संथ होते आणि घेणाराही फसतो. म्हणूनच प्रीमियर पास मोजकेच विकले जातात.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटाकडे पाहा. ही योजना १९९७ साली आली. तीत काही जागा आधीच बाजूला काढलेल्या असतात. ज्याचे आरक्षण पक्के झाले आहे, त्याला उठवून त्याची जागा तत्काळवाल्यास देत नाहीत. हा फरक फार मोठा आहे.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये आमचा माल एका ठिकाणी रंगाईला होता. तारीख ठरलेली होती. दुसऱ्या एका पार्टीने मीटरमागे जादा दर दिला, त्यांचा माल वर घेतला गेला आणि आमचा खाली गेला. आम्हांस कोणी कळविलेसुद्धा नाही. माल हाती आला तेव्हा ईद होऊन दोन दिवस झाले होते. तो माल आम्ही तोट्यात काढला आणि पुन्हा त्या दारात गेलो नाही. पण खरे सांगायचे तर त्याच्या अगोदर एका लग्नसराईत आम्हीही एका जुन्या गिऱ्हाइकासाठी राखलेले तागे जादा भावाने दुसऱ्यास दिले होते. ते गिऱ्हाईक काही बोलले नाही. फक्त परत आले नाही. आमच्यावर तीच वेळ आली तेव्हा त्याचा चेहरा आठवला.

मग करावे काय?

तातडीच्या कामाचे जादा पैसे घेणे आम्ही चुकीचे मानत नाही. रात्रीचा जागर, वाढीव मजुरी, विजेचा खर्च हे सर्व खरे आहे. पण काही गोष्टी सांभाळल्या पाहिजेत.

१) आपली ताकद आधी मोजा. दिवसाला २० जोड शिवले जात असतील तर तातडीसाठी ४ ठरवा आणि इतरांना तारीख १६ च्या हिशोबाने द्या. २० च्या हिशोबाने तारखा देऊन वर तातडीचे काम घेतले, तर कुणाचा तरी वायदा मोडणारच.

२) चार भरले की पाचव्यास नम्रपणे नाही म्हणा, मग तो दुप्पट देत असला तरी.

३) तातडीचा दर दुकानात लिहून लावा. सीझनचा दर वेगळा असेल तर तोही आधीच लावा. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून दर सांगू नका.

४) जो कारागीर रात्री जागतो, त्याचा हिस्सा त्या जादा पैशातून त्याच दिवशी द्या.

५) तातडीचे काम वेळेत झाले नाही तर जादा घेतलेले पैसे न मागता परत करा.

डिस्नेकडे उद्या नवे गिऱ्हाईक येईल, जगभरातून येईल. आपल्याकडे तेच येते, जे गेल्या ईदला समाधानाने गेले होते. बंधूंनो, रांगेतील जागा विकता येते, पण एकाला दिलेला वायदा दुसऱ्याला विकता येत नाही.