आधी दिवस विचारा, मग खुर्ची काढा

'सहायक साधनांचं प्रात्यक्षिक दालन सुरू करायचंय, तेवढी यादी पाठवा,' असा फोन हल्ली वरचेवर येतो. कधी एखाद्या संस्थेचा, कधी कंपनीच्या सीएसआर विभागाचा. निधी मार्चच्या आत संपवायचा असतो, त्यामुळे संक्रांत उलटली की फोनचा जोर वाढतो. यादी मी पाठवत नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी असं दालन चालवते. तिथे जे दिसलं ते सांगते, त्यातून यादी ज्याची त्याने करावी.

आमच्याकडे सगळ्यांत आधी आली ती बॅटरीवर चालणारी खुर्ची. देणगीदारांना तीच द्यायची होती. ती चालताना दिसते, फोटोत भरते. दालनाच्या गुळगुळीत फरशीवर ती झकास फिरली. आंब्याच्या झाडावरून पडून कमरेखालचं अंग गेलेले एक दादा तिच्यात बसले, गोल चक्कर मारून आले, चेहरा उजळला. त्यांचा भाऊ मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, ही घरी उतरवायची कशी?" त्यांचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला. मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. खुर्चीचं वजन चाळीस किलोच्या पुढे. वीज जून ते सप्टेंबर आपल्या मर्जीने येणार, आणि मोटर बिघडली तर माणूस मुंबईहून यायचा.

त्या दिवशी दादांशी खरं बोलणं सुरू झालं ते खुर्ची बाजूला लावल्यावर. सकाळी उठल्यापासून काय काय होतं? संडासला कोण नेतं? आंघोळ कुठे? दिवसभर कुठे असता, आणि कुठे असावंसं वाटतं? त्यांना पडवीत यायचं होतं. माजघरात पडून कंटाळा आला होता, पडवीत रस्त्यावरची माणसं हाक मारतात. एवढ्यासाठी लागली घडीची साधी खुर्ची, तिच्यावर चांगली गादी, पलंगावरून खुर्चीत सरकायला गुळगुळीत फळी, आणि सुताराकडून उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी उतार. दालनात या चारही वस्तू ठेवल्या तर बघायला कोणी गर्दी करणार नाही. तरी त्या ठेवा.

गादीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण देणगीच्या यादीत ती नसतेच. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला बसल्या जागी जखम होते आणि कळत नाही. नुसत्या रेक्झिनवर तासन् तास बसलेल्या माणसाला खुर्चीनेच अंथरूण धरायला लावलेलं मी पाहिलंय. गादी द्या, आणि दर वीस-तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायला किंवा कुशीकडे झुकायला शिकवा. हे शिकवल्याशिवाय खुर्चीचं प्रात्यक्षिक पुरं झालं म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताने चालवायच्या खुर्च्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या आहेत. शेवटच्या दोन म्हणजे वापरणाऱ्याला शिकवणं आणि नंतरची देखभाल. आपली बहुतेक साधनवाटपाची शिबिरं हार घालून सहाव्या पायरीच्याही अलीकडे थांबतात.

मापाचंही तसंच. बाजारातली सर्रास मिळणारी खुर्ची बसायला अठरा इंच असते, पण चाकांसकट बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते. आपल्याकडे न्हाणीघराचं दार पुष्कळदा दोन फुटांचं. टेपने मोजणं पाच मिनिटांचं काम, आणि घरच्यांना दाराचं माप घेऊनच या असं फोनवर सांगितलं तर एक हेलपाटा वाचतो. उताराचं गणितही तोंडपाठ असू द्या: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दीड फुटाच्या ओट्याला अठरा फुटी उतार लागतो हे ऐकून यजमान अंगणाकडे बघू लागतात. तेवढं अंगण नसेल तर तेही दालनातच कळलेलं बरं.

आम्ही पुढे दालनाची फरशीच बदलली. एका कोपऱ्यात उंबरठा, एका बाजूला खडबडीत चिरे, थोडी वाळू, एक भारतीय पद्धतीचं संडासपात्र आणि शेजारी पाट. येणारा माणूस साधन तिथे वापरून बघतो. जयपूर फूट का टिकला ते यातून मला नव्याने उमगलं. १९६८च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला, तेव्हाचे कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चिखलात उतरतो. त्या हालचालींचा विचार करून तो पाय केला गेला.

आता कानाची मशीन. दालन चालवणाऱ्याला खरी कसोटी इथे लागते. गणपतीला आलेला मुलगा मुंबईहून आईसाठी महागडी मशीन आणतो, विसर्जनानंतर परत जातो, आणि मशीन फडताळात जाते. आजी म्हणतात, "काय नुसतं खर्रखर्र वाजतंय." आजींचं खोटं नसतं. कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज, भांडी, पंखा, कावळे, सगळे एकदम अंगावर येतात. मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी शांत खोलीत तासभर, मग घरातल्या एका माणसाशी बोलताना, देवळात किंवा लग्नात सगळ्यांत शेवटी, असा क्रम घालून द्यावा लागतो. श्रवणचाचणीचा आलेख काढून त्याप्रमाणे मशीन लावलेली हवी, आणि कानाच्या मापाचा साचा हवा. साचा सैल असेल तर शिट्टी वाजते. बॅटरीवरचं स्टिकर एकदा काढलं की मशीन वापरा न वापरा, ती उतरत जाते, हे सांगायला विसरू नका; काटकसरीने मशीन बंद ठेवून बॅटरी उरवू पाहणाऱ्या आजी बऱ्याच भेटतात. कोकणातल्या दमट हवेत रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायची. ही डबी आम्ही मशीनबरोबरच दाखवतो आणि झाकण आजींनाच उघडायला लावतो. बोटं वाकत नसतील तर तिथेच समजतं.

दृष्टिहीनांसाठीचं दालन मात्र जवळपास फुकटात उभं राहतं. त्यांना दाखवण्याजोगं पुष्कळसं त्यांच्या खिशातल्या फोनमध्येच असतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं अँड्रॉइडमधलं टॉकबॅक मराठीत बोलतं. संगणकासाठी तसंच एनव्हीडीए विनामूल्य आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते काम सुरू केलं. अडचण येते ती मजकुराची. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली कागदपत्रं ही दोन्ही इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून वाचतात. फोटो काढून पाठवलेली नोटीस तर मुकीच. म्हणून प्रात्यक्षिकाला नमुन्याचा सुबक परिच्छेद घेऊ नका. शिकायला आलेल्या मुलाच्या कॉलेजचं खरं परिपत्रक उघडा आणि काय होतं ते त्याला ऐकू द्या. आणि हे शिकवायला अंध माणूसच नेमा, पगार देऊन. डोळस शिक्षक सांगता सांगता नकळत पडद्याकडे बोट दाखवतो.

आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन ही काठीही ठेवलीय. गुडघ्याच्या वरचे, तीन मीटरपर्यंतचे अडथळे ती कंपनाने सांगते. झुकलेली फांदी, उभ्या टेम्पोचा मागचा फाळका. पण साध्या पांढऱ्या काठीचा सराव नसलेल्याच्या हातात ती देऊन उपयोग नाही.

सरकारी मदतीचा एक मुद्दा प्रत्येक भेटीत सांगावा लागतो. साधनांसाठी मदत देणारी केंद्राची अ‍ॅडिप योजना १९८१ पासून आहे. चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला हवा हे लोकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे की एकदा साधन मिळालं की त्याच कामासाठी पुढची तीन वर्षं मदत मिळत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एक वर्षाची. चुकीची खुर्ची घेतली तर तीन वर्षं तिच्यातच बसायचं. म्हणून शिबिराच्या आधी माणूस दालनात येऊन गेला पाहिजे, नंतर नव्हे.

काही गोष्टी थोडक्यात. बोलायचं ते खुर्चीतल्या माणसाशी, खुर्ची ढकलणाऱ्याशी नाही. फोटो विचारून, आणि 'नको' म्हटल्यावर दुसऱ्यांदा न विचारता. विक्रेत्याचा माणूस यंत्र समजावून सांगायला ठीक. निवडीच्या वेळी त्याला चहाला पाठवा. एका वस्तूशेजारी तिचा स्वस्त पर्याय ठेवा, किमतीसकट. पकड गेलेल्या हातासाठी सायकलची ट्यूब गुंडाळलेला चमचा आमच्याकडे परदेशी चमच्याच्या शेजारी ठेवलाय, आणि पुष्कळ जण तोच उचलतात.

देण्याआधी वस्तू घरी वापरायला देण्याची सोय जरूर करा. अमेरिकेत २००४च्या दुरुस्तीनंतरच्या सहायक तंत्रज्ञान कायद्यात राज्यांनी प्रात्यक्षिकाबरोबर साधनं उसनी देणं आणि वापरलेली साधनं पुन्हा फिरवणं हीही कामं करायची आहेत. आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही, एक वही पुरते. पंधरवडाभर वस्तू न्या, परत आणा, का परत आणली ते सांगा. देणगीदार विचारतात, किती जणांना वाटलं? मी वहीतलं 'परत' हे पान आधी दाखवते. 'वजनदार', 'बाजेखाली जात नाही', 'सून लाजते' अशी कारणं तिथे आहेत, आणि पुढची खरेदी मी त्यावरूनच करते.

शेवटचं दुरुस्तीचं. जांभ्यावर कुबडीच्या टोकाचं रबर काही महिन्यांत झिजतं आणि ओल्या फरशीवर माणूस घसरतो. खुर्चीचे टायर, ब्रेक, आऱ्या हे सगळं गावचा सायकलवाला करू शकतो; पुढच्या छोट्या चाकांची बेअरिंग तेवढी शहरातून मागवून ठेवावी लागतात. सायकलवाल्याला महिन्याचे पैसे ठरवून द्या, आणि देखभालीचा हा खर्च निधीच्या अर्जात पहिल्या वर्षापासून लिहा. दुसऱ्या वर्षी वेगळा मागायला गेलात तर नव्या खुर्च्या मिळतात, रबर मिळत नाही.