दात पडल्यावरची पहिली पाच मिनिटे : एका मोबाईल अ‍ॅपचा अभ्यास

मोबाईल अ‍ॅप तयार करण्याचे शिक्षण घेतलेले तरुण आज केवळ मुंबई-पुण्यात नाहीत, मालेगाव, भिवंडी, चिपळूण येथेही आहेत. त्यांच्यापुढे खरा प्रश्न असतो तो विषयाचा. घरपोच जेवण, रिक्षा, किराणा ही क्षेत्रे मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांनी व्यापली आहेत. तेथे नवख्याने उडी घेऊन हात पोळून घेण्यापेक्षा लहान, पण लोकांच्या खऱ्या गरजेचा एखादा विषय घ्यावा आणि तो नीट अभ्यासावा, हे बरे. असाच एक विषय म्हणजे दातांच्या तातडीच्या प्रसंगी मदत करणारे अ‍ॅप. त्याची आखणी कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दातांची तातडी म्हटले की लोकांना दाढदुखी आठवते. दाढदुखी असह्य असली तरी बहुधा सकाळपर्यंत थांबू शकते. थांबू न शकणारे प्रसंग थोडे आहेत. गालावरची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरू लागणे, तोंड न उघडणे, थुंकी गिळता न येणे, श्वासास अडथळा होणे ही लक्षणे जिवावर बेतू शकतात. अशा रोग्याला दंतवैद्याची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयातच नेले पाहिजे. अ‍ॅपने येथे दुसरे काही न विचारता १०८ क्रमांकाचे बटण दाखवावे. जबडा मोडणे, दाढ काढल्यावर रक्त न थांबणे हेही प्रसंग आहेत. परंतु अ‍ॅप करणाऱ्याला सर्वांत जास्त शिकविणारा प्रसंग आहे तो मार लागून आख्खा दात मुळासकट बाहेर पडण्याचा. कारण येथे वैद्याकडे पोहोचण्यापूर्वी शेजारी उभा असलेला माणूस काय करतो, यावर दाताचे भवितव्य ठरते.

हे असे का, ते समजून घ्यावे. दाताच्या मुळाभोवती जिवंत पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याच्यामुळे दात हाडात धरून राहतो. दात बाहेर पडून कोरडा राहिला की या पेशी मरू लागतात. पंधरा मिनिटांच्या आत दात परत जागेवर बसला तर त्या वाचण्याची आशा चांगली असते. तासभर कोरडा राहिलेल्या दातावर त्या जवळजवळ उरत नाहीत. असा दात बसवला तरी पुढे तो हाडाला चिकटतो व हळूहळू झिजत जातो. आपल्याकडे मात्र पडलेला दात रुमालात किंवा कागदात गुंडाळून खिशात ठेवतात, नाहीतर मळ काढण्यासाठी मूळ घासून धुतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत.

दंत-आघातांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचना अशा आहेत. दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये. मळला असेल तर दूध, सलाइन किंवा त्याच व्यक्तीच्या थुंकीने हलकेच धुवावा व लगेच जागेवर बसवावा. नंतर रुमाल दातांत चावून धरावा आणि दंतवैद्याकडे निघावे. बसवणे शक्य नसेल किंवा जखमी पूर्ण शुद्धीवर नसेल तर दात दुधात ठेवावा. दूध नसेल तर भांड्यात थुंकी घेऊन तीत ठेवावा. साधे पाणी चांगले नव्हे, पण कोरडे ठेवण्यापेक्षा पाणी बरे. आणि दुधाचा दात असेल तर तो कधीही परत बसवू नये, कारण खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

२०१२ च्या सूचनांत मळलेला दात थंड वाहत्या पाण्याखाली फार तर दहा सेकंद धुवावा, असे होते. आठ वर्षांत ते बदलले. म्हणजे अ‍ॅपमधील मजकूर एकदा लिहून मोकळे होता येत नाही. प्रत्येक पानाखाली तो केव्हा तपासला त्याची तारीख आणि तपासणाऱ्या नोंदणीकृत दंतवैद्याचे नाव असले पाहिजे. मजकूर बदलायचा झाल्यास नवे अ‍ॅप उतरवून घ्यावे न लागता तो बदलता यावा, अशी सोय प्रथमपासून ठेवावी. या संघटनेचे ‘टूथ एसओएस’ नावाचे स्वतःचे अ‍ॅप आहे, शिवाय अनेक भाषांतील भित्तिपत्रकही आहे. काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही पाहून घ्यावीत.

पडदा कोणाच्या हाती?

आता आखणीकडे वळू. शाळेच्या मैदानावर मूल पडले आहे, तोंडातून रक्त येत आहे, शिक्षकाचा एक हात मुलाच्या खांद्यावर आहे आणि दुसऱ्या हातात फोन आहे. बोटे ओली आहेत. अशा माणसासाठी आपण पडदा तयार करीत आहोत. त्याच्याकडून नाव, मोबाईल क्रमांक आणि ओटीपी मागणे हा अन्याय आहे. पहिल्याच पडद्यावर चार-पाच मोठी चित्रे असावीत : दात बाहेर पडला, दात मोडला, रक्त थांबत नाही, सूज व ताप, तोंडाला जोराचा मार. ओल्या बोटांना पडदा नीट दाद देत नाही म्हणून बटणे मोठी हवीत, अंगठ्याच्या टप्प्यात म्हणजे खालच्या बाजूस हवीत, आणि बोट सरकवण्याची कोणतीही क्रिया नसावी. एका पडद्यावर एकच काम सांगावे व ते आवाजातही ऐकू यावे. सर्व चित्रे व आवाज फोनमध्येच साठवलेले असावेत. नेटवर्क नाही म्हणून पान उघडले नाही, असे या अ‍ॅपमध्ये घडता कामा नये.

‘दात बाहेर पडला’ हे चित्र दाबल्यावर प्रथम एकच प्रश्न येईल : मूल शुद्धीवर आहे का, उलटी झाली का? डोक्याला मार असेल तर दात मागे पडतो, रुग्णालय आधी. त्यानंतर वय. पुढचे कायमचे दात साधारण सहाव्या वर्षापासून येऊ लागतात आणि बारा वर्षांपर्यंत तोंडात दोन्ही प्रकारचे दात असतात. त्यामुळे ‘माहीत नाही’ असे तिसरे उत्तर ठेवणे अगत्याचे आहे. ते दाबल्यास अ‍ॅपने दात बसवायला न सांगता दुधात ठेवायला सांगावे. जेथे शंका तेथे कमी हानीचा मार्ग, हा नियम प्रत्येक फाट्यावर पाळावा.

भाषेचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. ‘दंतमूल’, ‘पुनर्रोपण’ असे शब्द घाबरलेल्या माणसाच्या उपयोगाचे नाहीत. ‘पांढऱ्या भागाला धरा’ एवढे पुरे. आपल्या राज्यात उर्दू माध्यमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत, म्हणून मराठी व हिंदीबरोबर उर्दू द्यावयाची असेल तर नुसते भाषांतर करून चालत नाही. उर्दूत पडद्याची दिशाच उलटते. ‘पुढे’चा बाण डावीकडे जातो आणि चित्रांचा क्रम उजवीकडून सुरू होतो. नस्तालीक अक्षरांना ओळीत उंचीही जास्त लागते, मराठीसाठी मापून केलेल्या चौकटीत ती वरून-खालून कापली जातात. ही तजवीज शेवटी करू म्हटले तर निम्मे काम पुन्हा करावे लागते.

पैसा कोण देणार?

येथे व्यवसायाचा मुद्दा येतो. दात पडण्यापूर्वी दाताचे अ‍ॅप फोनमध्ये घेऊन ठेवणारा माणूस विरळा, आणि पडल्यावर ते शोधून उतरवून घ्यायला वेळ नसतो. म्हणून ‘लाखो लोक घेतील’ या हिशेबावर हा धंदा उभा करू नये. आपला ग्राहक रोगी नव्हे. शाळा, क्रीडा मंडळे, वसतिगृहे, व्यायामशाळा हे आपले ग्राहक होत. त्यांना वार्षिक वर्गणीत अ‍ॅप, वर्षातून एकदा शिक्षकांना प्रात्यक्षिक आणि मैदानाजवळ लावायला क्यूआर कोड असलेला फलक असे एकत्र द्यावे. तो कोड कोणीही फोनने टिपला की तीच पाने काही उतरवून न घेता उघडावीत. दवाखान्यांना भेटीच्या वेळा व पुढील तपासणीची आठवण देणारी वेगळी सेवा विकता येईल.

काही जण सुचवतील की पैसे देणाऱ्या दंतवैद्याचे नाव यादीत वर दाखवावे. रडणाऱ्या मुलाच्या आईला जवळचा दवाखाना सोडून लांबच्या दवाखान्यात पाठवून मिळवलेले ते पैसे असतील. यादी अंतरानुसार आणि त्या घटकेला उघडे असण्यानुसारच लागली पाहिजे. या यादीतच खरा खर्च दडलेला आहे. दवाखान्यांच्या वेळा बदलतात, फोन बंद पडतात. महिन्यातून एकदा प्रत्येक क्रमांकावर फोन करून खात्री करणारा एक माणूस नेमावा लागतो, आणि नावापुढे ‘खात्री केल्याची तारीख’ छापावी लागते. अ‍ॅप लिहिण्याचा खर्च एकदाच होतो, या माणसाचा पगार दरमहा द्यावा लागतो. हिशेब मांडताना बहुतेकांचा हाच आकडा सुटतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात रोगनिदान करणारे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येते. म्हणून अ‍ॅपने प्रथमोपचार सांगावा, फोटो पाहून ‘तुम्हाला अमुक झाले आहे’ असे सांगू नये, औषधाचे नाव व मात्रा तर नकोच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. सोपा उपाय असा की माहिती घ्यायचीच नाही. नकाशासाठी ठिकाण विचारले तरी ते साठवू नये.

अ‍ॅप लिहिण्यापूर्वी कागदावर पडदे काढून त्यांची परीक्षा घ्यावी. खडूचा तुकडा दात समजून जमिनीवर टाकावा, या विषयाची काहीच माहिती नसलेल्या माणसाच्या हाती कागद द्यावेत आणि घड्याळ लावावे. त्याने खडू कोठे धरला, तो पेल्यात पडायला किती वेळ लागला आणि तो कोणत्या पानावर अडला, एवढेच टिपावे. मधे बोलू नये. अडलेले पान पुन्हा काढावे व दुसरा माणूस बोलवावा.

बाजारात आणताना गूगलच्या दुकानात नोंदणीचे पंचवीस डॉलर एकदाच भरावे लागतात, अ‍ॅपलकडे दरवर्षी नव्व्याण्णव. वैद्यकीय अ‍ॅपसाठी गूगल वैयक्तिक नव्हे तर संस्थेच्या नावाचे खाते मागते, व त्यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनीचा नऊ अंकी क्रमांक लागतो. तो हाती येण्यास वेळ लागतो, तेव्हा संस्थेची नोंदणी व हा अर्ज कागदी परीक्षा चालू असतानाच करून टाकावा.