वायरिंगची तपासणी : यंत्राची निवड आणि सराव

आपल्या वस्तीतील बरीच मुले, आणि अलीकडे काही मुलीही, आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून कामाला लागतात. पाइप टाकणे, वायर ओढणे, बोर्ड भरणे यांत त्यांचा हात लवकर बसतो. मात्र काम संपून टेस्ट रिपोर्ट देण्याची वेळ आली की पुढे येतो तो परवानाधारक ठेकेदार. नवीन वीजजोडणीच्या अर्जासोबत त्याच्याच सहीचा रिपोर्ट लागतो. परवाना ही कायद्याची बाब आहे आणि ती योग्यच आहे. परंतु परवान्यापर्यंत पोहोचण्याआधीही मोजमापाचे ज्ञान मिळवता येते, आणि ते ज्याच्याजवळ आहे त्याला नुसता मजूर म्हणून वागवणे कठीण जाते. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. आमच्या इमारतीची जुनी वायरिंग बदलली तेव्हा कमिटीच्या वतीने देखरेख माझ्याकडे होती, त्या निमित्ताने हा विषय शिकलो. तेव्हा विद्यार्थी मित्रांनी हा लेख अभियंत्याचा न समजता हिशेब तपासणाऱ्या माणसाचा समजावा.

आपल्याकडे घरगुती कामात तपासणीची साधने बहुधा दोनच असतात. एक खिशातला टेस्टर आणि दुसरा, होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. टेस्टरमधला निऑन दिवा अगदी क्षुल्लक प्रवाहावर पेटतो. न्यूट्रल मागे कुठे तुटला असेल आणि पंख्याचे बटण चालू राहिले असेल, तर सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो आणि नवशिका मुलगा ‘दोन फेज आले’ म्हणून गोंधळतो. टेस्टर पेटला नाही म्हणून वीज नाही असेही धरता येत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो इतका मंद पेटतो की दिवसाउजेडी दिसत नाही.

टेस्ट लॅम्पचे प्रकरण अधिक गंभीर आहे, म्हणून त्याचा हिशेब नीट पाहू. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये ४० वॉटचा बल्ब लावला, तो पेटला, म्हणजे ‘अर्थिंग चांगली आहे’ असे सर्रास सांगितले जाते. २३० व्होल्टवर ४० वॉटचा बल्ब सुमारे ०.१७ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे १,३२० ओहम. आता अर्थिंग वाईट आहे, तिचा रोध १०० ओहम आहे, असे धरा. बल्ब आणि अर्थिंग मिळून १,४२० ओहम होतात, प्रवाह ०.१६ अँपिअर. बल्ब किंचित मंद होईल, पण तो शेजारी दुसरा बल्ब ठेवल्याशिवाय कोणाच्याही लक्षात येणार नाही. हीच १०० ओहमची अर्थिंग गीझरला जोडलेली आहे आणि गीझरच्या आत फेज लोखंडी अंगाला चिकटली, तर काय होईल? २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला एवढा प्रवाह म्हणजे नेहमीचेच काम. तो कधीच पडणार नाही. गीझरचे अंग जवळपास पूर्ण २३० व्होल्टवर राहील, आणि त्याखाली ओल्या फरशीवर कोणीतरी नळाला हात लावील. आजकाल टेस्ट लॅम्पला एल.ई.डी. दिवा लावणारेही दिसतात. तो तर बल्बहून कितीतरी कमी प्रवाहावर पेटतो, तेव्हा त्याची साक्ष त्याहून कमी मोलाची.

बरे, अर्थिंग चांगली, ५ ओहमची असली तरी? प्रवाह ४६ अँपिअर. ‘सी’ वर्गाचा १६ अँपिअरचा एम.सी.बी. तत्काळ पडण्याची खात्री हवी असेल तर दहापट, म्हणजे १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर तो तापून पडेल, पण त्यास काही सेकंद लागतील, आणि माणसाला इतके सेकंद मिळत नाहीत. २३० भागिले १६०, म्हणजे फॉल्टच्या संपूर्ण वाटेचा रोध १.४४ ओहमच्या आत असेल तरच एकटा एम.सी.बी. वेळेत पडतो. आपल्या इमारतीतल्या कोळसा-मिठाच्या खड्ड्याकडून एवढी अपेक्षा करता येत नाही. म्हणूनच ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवा. १०० ओहमच्या अर्थिंगमध्येही तो पडतो, कारण त्याला लागणारा प्रवाह फक्त ०.०३ अँपिअर आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आर.सी.सी.बी.वरचे ‘टी’ लिहिलेले बटण दाबले, खटका पडला, म्हणजे अर्थिंग आहे असे अनेकजण मानतात. त्या बटणाचा अर्थिंगशी काहीही संबंध नसतो. ते फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्येच थोडा प्रवाह वळवून यंत्रणा हलते की नाही एवढे पाहते. अर्थची वायर मुळीच जोडलेली नसली तरी बटणाने खटका पडतो. बटण अधूनमधून दाबावे हे खरे, पण त्यावर समाधान मानू नये.

वरच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘किती’ या शब्दाने सुरू होते, आणि ‘किती’ सांगायला मोजणारे यंत्र लागते. यांतले सर्वांत जुने यंत्र म्हणजे इन्सुलेशन टेस्टर, ज्याला आपण सगळे ‘मेगर’ म्हणतो. इंग्लंडमध्ये सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ साली असे हातात नेण्याजोगे यंत्र तयार केले आणि १९०३ पासून ‘मेगर’ हे व्यापारी नाव रूढ झाले. पुढे डालड्याचे झाले तसेच झाले. कोणत्याही कंपनीचे यंत्र असो, वायरमन ‘मेगर मारला’ असेच म्हणतो. आय.टी.आय.मध्ये अजूनही हाताने फिरवायचा मेगर दिसतो. शिकायला तो उत्तम, कारण हँडल फिरवताना काटा कसा सावकाश चढतो ते डोळ्यांनी दिसते.

इन्सुलेशन टेस्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील आवरण किती शाबूत आहे ते सांगतो. अर्थ टेस्टर जमिनीत सळया ठोकून खड्ड्याचा रोध मोजतो. लूप टेस्टर फॉल्टची पूर्ण वाट मोजतो. आर.सी.सी.बी. टेस्टर खटका किती मिलिसेकंदांत पडला ते दाखवतो. ही कामे एकाच पेटीत करणारे यंत्र म्हणजे इन्स्टॉलेशन टेस्टर किंवा मल्टिफंक्शन टेस्टर. परदेशी कंपन्यांची अशी यंत्रे येथे मिळतात, पण त्यांची किंमत एका वायरमनच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतकी होते. विजेची मापनयंत्रे बनवणाऱ्या कंपन्या आपल्या नाशिकमध्येही आहेत, ऋषभ आणि मोटवाने ही त्यांतील परिचित नावे. तेव्हा चौकशी घराजवळून सुरू करावी.

माझे मत असे की पहिल्याच वर्षी कर्ज काढून एका पेटीतले यंत्र घेऊ नये. बँकेत बसून मी हप्ते थकलेले पाहतो, म्हणून हे बजावून सांगतो. आधी एक चांगला डिजिटल इन्सुलेशन टेस्टर घ्यावा. त्यात २५०, ५०० आणि १,००० व्होल्ट असावेत आणि अर्थच्या वायरीची सलगता निदान २०० मिलिअँपिअर प्रवाहावर मोजण्याची सोय असावी. साध्या मल्टिमीटरचा प्रवाह इतका थोडा असतो की एका तारेवर लोंबकळणारा जोडही त्याला ठीक वाटतो. लूप आणि आर.सी.सी.बी. मोजणारे यंत्र चार-पाच मुलांनी मिळून घ्यावे, ते रोज लागत नाही. पेटीवर सुरक्षिततेचा वर्ग छापलेला असतो. घरातल्या डी.बी.वर काम करायचे तर ‘कॅट तीन’ आणि मीटरपाशी ‘कॅट चार’ हवे, आणि त्याशेजारचा व्होल्टचा आकडाही पाहावा. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मागावे आणि दर वर्षी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून ते नवे करून घ्यावे. मुंबईच्या लोहार चाळीत फिरताना स्वस्त यंत्राचा मोह होतो. तेथेही या तीन गोष्टी विचारून मगच पैसे काढावेत.

आता शिकण्याविषयी. पहिला महिना चालू लाइनला यंत्र लावूच नये. प्लायवूडच्या फळीवर एक डी.बी., दोन सॉकेट, एक दिवा असा सरावाचा बोर्ड बांधावा आणि त्यात एकमेकांसाठी मुद्दाम दोष करून ठेवावेत. एकाने अर्थचा स्क्रू ढिला करावा, फेज-न्यूट्रल उलटे जोडावेत, दुसऱ्याने ते मोजून शोधावेत. जुन्या वायरीचा कापलेला तुकडा ओल्या वाळूत पुरून मेगर लावला की आकडा कसा कोसळतो ते एकदा पाहिलेला मुलगा पावसाळ्यातल्या भिंतीला कधी विसरत नाही.

प्रत्यक्ष घरात क्रम ठरलेला असावा. आधी मेन बंद करून कोणी पुन्हा चालू करणार नाही याची व्यवस्था करावी. मग व्होल्टमीटर आधी जिवंत जागी लावून तो चालतो हे पाहावे, नंतर कामाच्या जागी, आणि पुन्हा जिवंत जागी. मधला ‘शून्य’ खरा होता की यंत्रच बंद पडले होते, हे या तिसऱ्या पायरीने कळते. त्यानंतर यंत्राच्या दोन वायरी एकत्र टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करून घ्यावा आणि प्रत्येक सॉकेटच्या अर्थ पिनपासून डी.बी.तल्या अर्थच्या पट्टीपर्यंत सलगता मोजावी. याच वेळी न्यूट्रल पट्टीवरून सोडवून न्यूट्रल आणि अर्थ यांमध्येही मोजावे. काही महाभाग अर्थची वायर ओढायचे टाळून सॉकेटमध्येच अर्थ पिन न्यूट्रलला जोडतात. टेस्ट लॅम्प तेथे झकास पेटतो. पण पुढे न्यूट्रल तुटला की फ्रिजचे, मशिनचे अंगच जिवंत होते. यंत्र मात्र न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये शून्य ओहम दाखवून ही चोरी उघडी पाडते.

मग इन्सुलेशन. टी.व्ही., एल.ई.डी. दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून ठेवावेत, नाहीतर ५०० व्होल्टने ते जातील. काढणे शक्य नसेल तेथे फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्या आणि अर्थच्या मध्ये मोजावे. ५०० व्होल्ट दाब एक मिनिट देऊन किमान १ मेगओहम मिळावा, हा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होता आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही तो आला. नव्या वायरिंगमध्ये मात्र आकडा याच्या कितीतरी वर यायला हवा. नव्या घरात जेमतेम १ मेगओहम आला तर ‘पास’ म्हणून सोडून देऊ नये, शोध घ्यावा. विद्यार्थी येथे एका हिशेबात हमखास अडतात. प्रत्येकी ४ मेगओहमच्या चार लाइनी एकत्र मोजल्या तर उत्तर १६ येत नाही, १ येते, कारण गळतीच्या वाटा वाढल्या. म्हणून घराचा एकत्र आकडा कमी आला की एकेक लाइन सोडवून मोजत जावे. आमच्या इमारतीत एका न्हाणीघराच्या लाइनने ०.२ मेगओहम दाखवला होता. फोडून पाहिले तर गिलाव्यामागच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी साठलेले. त्या घरातल्या बाईंना नळाला मुंग्या येतात ही तक्रार दोन वर्षांची होती, आणि टेस्टर लावून तिला दोनदा ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले होते.

जिवंत लाइनवरची मोजणी शेवटी, आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. लूप टेस्टने आर.सी.सी.बी. पडू शकतो, म्हणून यंत्रात ‘नो ट्रिप’ची सोय असल्यास ती वापरावी. घरोघरी स्वतंत्र खड्डा असलेल्या ठिकाणी लूपच्या आकड्यात आपला खड्डा आणि ट्रान्सफॉर्मरकडची अर्थिंग दोन्ही येतात. त्यामुळे आपला खड्डा त्या आकड्याहून वाईट नाही एवढे निश्चित होते. सळया ठोकायला जागाच नसलेल्या दाट वस्तीत या गोष्टीचा फार उपयोग होतो. जागा असेल तर एक सळई ३० मीटरवर आणि दुसरी सुमारे साडेअठरा मीटरवर ठोकून मोजावे. मधली सळई दोन-तीन मीटर मागेपुढे करून आकडा जवळपास तोच राहिला तरच तो वहीत लिहावा. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. निम्म्या प्रवाहावर पडता कामा नये, पूर्ण प्रवाहावर ३०० आणि पाचपट प्रवाहावर ४० मिलिसेकंदांच्या आत पडलाच पाहिजे.

हे सर्व आकडे जातात रिपोर्टवर. आमच्या इमारतीच्या कामाचा पहिला रिपोर्ट कमिटीपुढे आला तेव्हा इन्सुलेशनच्या रकान्यात सर्व घरांपुढे एकच आकडा होता, १०० मेगओहम. मला तेव्हा मेगओहम म्हणजे काय हे कळत नव्हते. पण वेगवेगळ्या खात्यांत एकच शिल्लक दिसली की बँकेतला कोणताही कारकून थांबतो. तळमजल्याची ओल आलेली भिंत आणि चौथ्या मजल्याची कोरडी भिंत यांचा आकडा सारखा कसा? ठेकेदाराने ‘अंदाजे लिहिले’ असे सांगितले. कमिटीने बिल रोखून धरले आणि पुन्हा मोजायला लावले. मोजणारा कोण होता? ज्याने वर्षभर पाइप टाकले तोच आय.टी.आय. झालेला मुलगा. दोन दिवसांत त्याने प्रत्येक घराचा प्रत्येक आकडा लिहून दिला, आणि न्हाणीघरातला तो ०.२ त्याच वेळी सापडला. रिपोर्टवर सही ठेकेदाराची होती. पण त्यानंतर इमारतीतले लोक शंका विचारायला त्या मुलालाच बोलावू लागले. आज तो सुपरवायझरच्या परवान्याची तयारी करीत आहे.

वहीत प्रत्येक आकड्याशेजारी तारीख, हवा ओली की कोरडी, यंत्राचा क्रमांक आणि कोणत्या लाइनचा आकडा हे लिहावे. पहिले मोजमाप मे महिन्यात घेतले असेल तर दुसरे जुलैअखेर, भिंती पाणी प्यायल्यावर, त्याच पानावर मेच्या आकड्यासमोर लिहावे.