सायप्रस बेटाचे हवापाणी आणि शेती

भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, तुर्कस्तानच्या दक्षिणेस सायप्रस हे बेट आहे. सिसिली व सार्डिनिया यांच्या खालोखाल या समुद्रातील हे मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर आहे. चोहोंकडे पाणी असूनही येथील शेतकऱ्यास पाण्याची चिंता सदैव असते. असे का, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

भूरचना : उत्तर किनाऱ्यालगत चुनखडीच्या डोंगरांची अरुंद रांग, नैर्ऋत्येस ट्रूडोस पर्वत आणि या दोहोंच्या मध्ये मेसाओरियाचे मैदान, अशी बेटाची रचना आहे. ट्रूडोसचे सर्वोच्च शिखर १,९५२ मीटर उंच असून हिवाळ्यात त्यावर बर्फ पडते.

हवामान : आपल्याकडे मृग नक्षत्रापासून पावसास आरंभ होतो. तेथे याच्या उलट, जून ते सप्टेंबर कडक ऊन व कोरडी हवा असते आणि बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत पडतो. पर्वतशिखरांवर तो वर्षास सुमारे १,१०० मिलिमीटर, तर मैदानात अवघा ३०० ते ४०० मिलिमीटर असतो. उन्हाळ्यात बहुतेक नद्या आटतात.

पिके : गहू व जव हिवाळी पावसावर पेरून उन्हाळ्यापूर्वी काढतात. ऑलिव्ह, द्राक्षवेल व कॅरोब ही खोल मुळांची झाडे कोरडा उन्हाळा सोसतात. संत्री, लिंबे यांना मात्र ओलीत लागते.

पाण्याची योजना : किनाऱ्यालगतच्या विहिरींतून बेसुमार उपसा झाल्याने काही भागांत समुद्राचे खारे पाणी भूगर्भात शिरले व बागांचे नुकसान झाले. १९६० साली स्वातंत्र्य मिळाल्यानंतर सरकारने जागोजाग धरणे बांधली. १९८८ साली पूर्ण झालेले कूरिस हे त्यांतील सर्वांत मोठे होय. ठिबक सिंचनाचाही प्रसार झाला. तथापि धरण पाऊस पाडू शकत नाही. सततच्या अवर्षणामुळे २००८ साली जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि ग्रीसहून जहाजांनी पिण्याचे पाणी आणावे लागले. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने तेथे आहेत; परंतु ते पाणी महाग पडते.

बोध : पाणी साठविणे हे निम्मे काम होय. साठ्याच्या मानाने पीक निवडणे आणि विहिरीच्या पुनर्भरणाहून अधिक उपसा न करणे, हे उरलेले निम्मे काम शेतकऱ्याच्याच हाती असते. ग्रामसेवकांनी ही गोष्ट गावसभेत अवश्य समजावून सांगावी.