पैशाचा सल्लागार : पात्रता आणि शील

परमपूज्य बाबासाहेब 1917 साली परदेशातून परतले तेव्हा कोलंबिया विद्यापीठाची अर्थशास्त्रातील एम.ए. पदवी त्यांच्यापाशी होती. बडोद्याच्या नोकरीत जातीने टिकू दिले नाही. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले व व्यवसाय बुडाला. नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल त्यांना लंडनची डी.एस्सी. मिळाली. एवढ्या विद्वानाची पात्रता गिऱ्हाइकांनी पाहिली नाही, जात तेवढी पाहिली.

आज याच पेशाला कायद्याची चौकट आहे. सेबीने 2013 साली गुंतवणूक सल्लागारांसाठी विनियम केले. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने पदवी, एनआयएसएमच्या दोन परीक्षा आणि सेबीची नोंदणी मिळविली पाहिजे. तो गिऱ्हाइकाकडून फी घेतो. ज्याला सल्ला दिला त्यालाच योजना विकून कमिशन खाण्याची त्याला मुभा नाही. एजंटाचे तसे नसते. त्याचे पोट कमिशनवर चालते. त्यात गैर काही नाही, पण एजंटाला सल्लागार समजणे घातक आहे.

आपल्या राजुरा भागात हा फरक कळणे फार गरजेचे आहे. सास्तीकडे कोळसा खाणीत शेती गेली की मोबदला एकरकमी हाती येतो. सिमेंट कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याला फंड व ग्रॅच्युइटी मिळते. आयुष्यात एवढी रक्कम प्रथमच पाहिलेली असते, आणि दामदुप्पट सांगणारा बहुधा नात्यातलाच निघतो! पीएसीएल कंपनीने देशभर गावोगावच्या एजंटांमार्फत पैसा गोळा केला. सेबीने 2014 साली तिला 49,100 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. ते एजंटही बहुतेक ओळखीपाळखीचेच होते.

तथागतांनी दीघजाणूला गृहस्थाच्या सुखाच्या चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, कमावलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकतीच्या बेताने राहणे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन धंद्यासाठी, चौथा अडचणीच्या दिवसांसाठी. जो चारही वाटे आपल्याच योजनेत घालायला लावतो, त्याला आम्ही कल्याणमित्र म्हणणार नाही. अदिन्नादान आणि मुसावाद यांपासून दूर राहण्याचे शील या पेशात रोजच कसाला लागते.

विद्यार्थ्यांनी या क्षेत्राकडे जरूर वळावे. दहावीनंतर प्रशिक्षण व परीक्षा देऊन विमा एजंट होता येते. म्युच्युअल फंड वितरकासाठी एनआयएसएमची वेगळी परीक्षा व अ‍ॅम्फीची नोंदणी लागते. सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर हे प्रमाणपत्र त्याहून वरचे. त्याला अभ्यास व परीक्षेबरोबर अनुभव लागतो आणि आचारसंहिता मान्य करावी लागते. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी बँकेच्या परीक्षांबरोबर हेही डोळ्यांसमोर ठेवावे. आपल्या वस्तीतील मोबदल्याचे कागद वाचून दाखवणारा जाणकार आपल्यातलाच असला तर म्हातारी माणसे मोकळेपणाने विचारतील.

तोवर कुणी सल्ला द्यायला आला तर, "भाऊ, तुमचा सेबीचा नोंदणी क्रमांक काय? या योजनेत तुम्हाला कमिशन किती?" एवढे विचारावे. सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो व सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत पडताळता येतो. तेथे नाव सापडले नाही तर फी देऊ नये आणि कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये.