पार्ट रुपयाचा, पॅड मोलाचं

सातारा

चि. सोनू,


आबांच्या विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर बंद पडलाय आणि त्याच्या कार्डावरचा बारकासा पार्ट तू घरीच बदलणार आहेस, असं दादाने फोनवर सांगितलं. आत्याला आनंद झाला आणि धाकधूकही वाटली. धाकधूक एवढ्याचसाठी, की त्याच्या बोलण्यात हॉट एअर मशीन मागवल्याचं आलं, मल्टिमीटरचं नावसुद्धा आलं नाही.

सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याला या कार्डाचं मोल सांगायला नको. रात्रपाळीची वीज आली, की बॅटरी घेऊन, सापकिरडांना चुकवत मळ्यात जायचं आणि बटण दाबून परत यायचं, हा कित्येकांचा नेम होता. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ काढलं आणि पंप फोनवरून चालू-बंद व्हायला लागला. नंतर असे स्टार्टर अनेकांनी बाजारात आणले. पंप बिघडला तर तालुक्याला चार रिवाइंडिंगवाले सापडतात. कार्ड बिघडलं, की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, “नवीन टाका.” त्या उत्तरापुढे मान न डोलावता तू कार्ड उघडायला निघालास, हे फार बरं झालं.

आता मापाचं बघू. अशा कार्डावर नेहमी दिसणारा पार्ट 0603 मापाचा असतो, म्हणजे 1.6 मिलिमीटर लांब आणि 0.8 मिलिमीटर रुंद. 0603 हे आकडे इंचाच्या शतांशातले. 0402 त्याहून लहान, 1 मिलिमीटर बाय अर्धा. गंमत अशी, की मेट्रिक पद्धतीतही 0603 हे नाव आहे आणि ते 0.6 बाय 0.3 मिलिमीटरच्या पार्टाचं आहे. मागवताना मिलिमीटरमधलं माप वाचून घे, नाहीतर पाकिटातून धूळ आली असं वाटेल. 0603च्या रेझिस्टरवर निदान बहुधा आकडे असतात. 103 म्हणजे 10 किलोओहम, 472 म्हणजे 4.7. तपकिरी सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र काहीच छापलेलं नसतं. तो किती मायक्रोफॅरडचा हे सर्किटच्या नकाशातून कळतं, नाहीतर तसल्याच चालू कार्डावरून.

आणि बरेचदा दगा देतो तो हाच बिननावाचा कपॅसिटर. त्याच्या आत सिरॅमिकचे आणि धातूचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात. स्क्रू आवळताना कार्ड जरा वाकलं, की त्याला केसाएवढी चीर जाते. वरून काही दिसत नाही. पुढे चिरेत ओल शिरते, थर एकमेकांना टेकतात आणि पार्ट शॉर्ट होतो.

ओलीचं सांगलीकराला काय सांगायचं! महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कराडला कोयनेला घेते आणि तुमच्या दारात येते. साताऱ्याने पाठवलेलं हे पाणी 2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फुटांची. पुरात भिजलेलं कार्ड वाया गेलं असं समजू नये. पाण्याने जेवढं बिघडतं, त्याहून जास्त ओल्या कार्डाला वीज दिल्याने बिघडतं. गाळात क्षार असतात, वीज मिळाली की तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात आणि हिरवी-पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. पुरतं वाळल्यावरच पुढचं.

तुझ्या कार्डावर सिमच्या मॉड्यूलला साधारण 4 व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना ते क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतं. म्हणून त्या लाइनवर कपॅसिटरांची रांगच असते, सगळे एकमेकांना समांतर. त्यातला एक शॉर्ट झाला, की मीटर सगळ्यांवर बीप देतं. शिकाऊ मुलगा इथेच फसतो. ज्यावर पहिला बीप ऐकला तोच उपटतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. तिसऱ्यापर्यंत एखादं पॅड, म्हणजे पार्ट जिथे डकवतात ती तांब्याची टिकली, निघून आलेलं असतं.

कारागिरांची यावर एक छान युक्ती आहे. स्टार्टरपासून कार्ड सोडवायचं. बेंच पॉवर सप्लायवर 1 व्होल्ट आणि 1 अँपिअरची मर्यादा लावून त्या लाइनला जोडायचं. लाइनच्या मूळ व्होल्टेजपेक्षा हे कमी असल्याने बाकीच्या पार्टांना इजा होत नाही. मग त्या भागावर अल्कोहोलचा पातळ हात फिरवायचा आणि बघत बसायचं. शॉर्ट झालेला पार्ट तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यांच्या आधी उडतं. अल्कोहोलने ओल्या झालेल्या कार्डावर एवढासा कोरडा ठिपका उमटतो. गुन्हेगार सापडला! थर्मल कॅमेरा हजारोंचा, हे पंधरा-वीस रुपयांच्या अल्कोहोलवर भागतं. जवळपास कुठे आयर्न तापत ठेवलेलं नसावं, एवढं मात्र बघ.

आता गरम करायचं. पण कार्डावर दमटपणाविरुद्ध लॅकर मारलेलं असतं, ते आधी त्या जागेपुरतं काढ, नाहीतर डाग धरणारच नाही. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर 217 अंशांच्या पुढे वितळतं, 63/37चं शिशाचं 183 अंशांवर. म्हणून फ्लक्स लावून दोन्ही टोकांवर थोडं शिशाचं सोल्डर चढवायचं. दोन्ही मिसळलं, की कमी उष्णतेत काम होतं. आयर्न 330 ते 350 अंशांवर. रुंद टोकाने दोन्ही बाजू एकदम वितळल्या, की पार्ट चिमट्याने अलगद बाजूला सरकतो. ओढायचा नाही. ओढलास की पॅड आलंच म्हणून समज. पार्ट रुपया-दोन रुपयांचा आहे, पॅड बाजारात मिळत नाही. ते गेलं की ट्रॅक खरवडून केसासारख्या तारेचा जंपर मारत बसायचं.

ग्राउंडच्या लाइनला जोडलेलं टोक हट्टी असतं, तिथलं पसरट तांबं उष्णता पिऊन टाकतं. तिथे आयर्न जोरात दाबू नकोस. मोठं टोक लाव, थोडा जास्त वेळ दे, किंवा खालून हलकी गरम हवा दे. मागवलेलं मशीन इथे कामाला येईल. शेजारच्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरवर आणि सिमच्या खाचेवर आधी कॅप्टॉन टेप लावायची.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी काढणारा माणूस कधी बघितलास का? घोडीवर कानस अगदी दोनदा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, मग पुन्हा दोनदा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते अशा हातांमुळे. नवा पार्ट बसवताना तसंच कर. आधी जुनं सोल्डर तांब्याच्या वातीने (विकने) टिपून पॅड सपाट करायचं, खरवडायचं नाही. एकाच पॅडवर चिमूटभर सोल्डर, ते वितळलेलं असताना पार्ट चिमट्याने सरकवत जागी आणायचा, आयर्न उचलायचं आणि सोल्डर थिजेपर्यंत हात हलवायचा नाही. मग थांबून भिंगातून बघ. वाकडा बसला असेल तर आत्ताच सुधार. मगच दुसरं टोक, आणि शेवटी पहिल्यावर पुन्हा एक हलका डाग. सिरॅमिकच्या अंगाला टोक टेकवू नकोस, अचानकच्या आचेनेही त्याला चीर जाते.

दिशेचं भान ठेव. साध्या सिरॅमिकला दिशा नसते. टँटलमला असते आणि त्याच्यावरची पट्टी धन बाजू दाखवते. उभ्या ॲल्युमिनियमच्या डबीवरची काळी खूण ऋण बाजूची असते. हे उलटसुलट असण्यामागे काय डोकं आहे देव जाणे, पण टँटलम उलटा बसला तर पेट घेऊ शकतो.

वीज देण्याआधी पुन्हा मीटर लाव. बीप गेलाय ना? मग मर्यादा लावलेल्या सप्लायवरच पहिला प्रयोग. थेट मेनवर नाही. कार्डाच्या वीज घेण्याच्या बाजूला 230 व्होल्टचे सव्वातीनशे व्होल्ट डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. तिथे बोट जाऊ देऊ नकोस, मीटरने मोजून खात्री कर. शिशाचं सोल्डर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय आईच्या भाकरीला हात लावायचा नाही. खिडकी उघडी ठेव, फ्लक्सचा धूर छातीला बरा नव्हे.

एक स्पष्ट सांगते. ज्याचे पाय दिसत नाहीत, पोटाखालीच सगळे डाग आहेत अशा चिपच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. सिमचं मॉड्यूल गेलं असेल तर तेही कारागिराकडे दे. त्यात कमीपणा काही नाही.

आबांच्या कार्डाला हात लावण्याआधी भंगारवाल्याकडून मेलेला सेट टॉप बॉक्स आण आणि त्यावरचे पार्ट काढून पुन्हा बसव, हात थरथरायचा थांबेपर्यंत. पुण्याला कुणी जाणार असेल तर तपकीर गल्लीतून 0603 मापाचे, नकाशात असतील तेवढ्या मायक्रोफॅरडचे आणि व्होल्टचे निदान वीस नग मागव. एक लागेल, बाकीचे चिमट्यातून उडून फरशीवर जातील. आणि कार्ड चालू झालं, तरी विहिरीवर तीन फेजच्या वायरी वायरमनलाच जोडू दे. ते तुझं काम नाही.

तुझी,
आत्या