आधी मागची बाजू वाचा

रोमन सम्राटांचं काशाचं नाणं हाती आलं की नजर आधी चेहऱ्याकडे जाते आणि ओळख चुकण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते. नव्या संग्राहकाच्या वाट्याला सर्वाधिक येतात ती चौथ्या शतकातली लहान नाणी. त्यांच्या बाबतीत तर मी आग्रहानं सांगेन की चेहरा सगळ्यात शेवटी पाहावा. डायोक्लेशियनच्या इ.स. २९४च्या सुमाराच्या नाणेसुधारणेनंतर टाकसाळीत माणसापेक्षा पदाचा चेहरा कोरला जाऊ लागला. कॉन्स्टंटाईन आणि त्याची मुलं नाण्यांवर एकमेकांसारखी दिसतात ती त्यामुळेच. नावांचाही आधार अपुरा पडतो, कारण कॉन्स्टंटिनस, कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स या तिन्ही नावांची पहिली सात लॅटिन अक्षरं एकच आहेत. त्यातून बाप आणि त्याचा एक मुलगा दोघेही कॉन्स्टंटिनस. म्हणून लेखाची शेपटी वाचावी लागते: ‘मॅक्स ऑग’ असेल तर बाप, ‘नोब सी’ असेल तर अजून सीझर, म्हणजे दुय्यम सम्राट, पदावरच असलेला मुलगा. कॉन्स्टंटियस दुसरा आणि कॉन्स्टंटियस गॅलस यांच्यातही असाच घोळ होतो. तिथे डोकं पाहणं उपयोगी पडतं, पण तेही नाकडोळ्यांसाठी नव्हे. गॅलस ३५१ ते ३५४ या काळात फक्त सीझर होता, त्यामुळे त्याच्या डोक्यावर सम्राटाची शिरोपट्टी नसते.

मागची बाजू याहून जास्त बोलते. दोन सैनिकांच्या मध्ये दोन ध्वज असतील तर नाणं साधारण ३३० ते ३३५मधलं आणि वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. एकच ध्वज असेल तर त्यानंतरचं आणि दीड ग्रॅमच्या जवळपास. घोड्यासह कोसळणारा शत्रू दिसला तर ३४८च्या आधी जायचं कारण नाही. चित्राखालच्या आडव्या रेघेच्या तळाशी टाकसाळीची खूण असते: ट्रिअर, सिस्किया, अँटिओक, अलेक्झांड्रिया. लांडगीचं दूध पिणाऱ्या जुळ्यांच्या नाण्यावर तर सम्राटाचं नावच नसतं, दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा असते. चेहऱ्यावर विसंबणारा तिथे काय करणार?

यावर कुणी म्हणेल, नीरो किंवा व्हेस्पेशियन तर चेहऱ्यावरूनच ओळखू येतात. खरं आहे. पहिल्या दोन शतकांचे कोरक्ये माणूस कोरत होते. पण चेहरा कुणाचा हे कळलं म्हणजे नाणं कुणी पाडलं हे कळत नाही. रोमन सेनापती अग्रिप्पाच्या चेहऱ्याची तांब्याची नाणी बहुतेक अभ्यासक सम्राट कॅलिगुलाच्या कारकिर्दीतली मानतात, म्हणजे अग्रिप्पाच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षांची. शिवाय मोठ्या, देखण्या चेहऱ्यांच्या नाण्यांच्या नकलाही जुन्या आहेत. पदुआचा जोव्हान्नी दा काव्हिनो सोळाव्या शतकातच त्या बनवत होता.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: अक्षरंच झिजली असतील तर वाचायचं काय? तेव्हा जेवढं दिसतं तेवढंच लिहावं. ‘कॉन्स्टंटाईनचं घराणं, एक ध्वज, टाकसाळ अज्ञात’ ही पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे. उरलेली अक्षरं काढण्यासाठी नाणं खरवडू नये, आम्लात तर मुळीच बुडवू नये. घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर नाण्याचं रक्षण करतो आणि पुष्कळदा अक्षरांची कडा त्या थरातच शिल्लक असते. काळजी करायची ती फिकट हिरव्या, भुसभुशीत पुडीची. ती क्लोराईडमुळे होणारी झीज असते आणि दमट हवेत वाढत जाते. असं नाणं वेगळं काढून कोरड्या जागी ठेवावं आणि जाणकार संवर्धकाला दाखवावं.